चुलीचे दोन हिशेब

आमच्याकडे एका चुलीची नोंद आता दोन ठिकाणी होते.

पहिली आशाताईंची. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा असंसर्गजन्य आजारांचा जो फॉर्म त्यांना भरावा लागतो, त्यात बिडी-तंबाखू, दारू आणि कमरेचा घेर यांच्यासोबत घरात स्वयंपाक कशावर होतो, हाही प्रश्न आहे. लाकूड, पिकांचे अवशेष, गोवऱ्या, कोळसा, रॉकेल, गॅस असे पर्याय त्यात असतात. प्रश्न फुप्फुसासाठी आहे. घरातल्या धुरामुळे जगभरात वर्षाला सुमारे ३२ लाख माणसं दगावतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० सालचा अंदाज आहे. त्या धुरात सगळ्यात जास्त वेळ बसते ती घरची बाई आणि तिच्या मांडीवरचं लेकरू.

दुसरी नोंद कार्बनवाल्यांची, म्हणजे हवेत न गेलेल्या कार्बनचा हिशेब करून तो विकणाऱ्या प्रकल्पांची. टॅबलेट घेतलेला एक मुलगा येतो, सुधारित शेगडी फुकट देतो. शेगडीवर बारकोडचं स्टिकर असतं. शेगडीशेजारी बाईचा फोटो निघतो, घराचं जीपीएस नोंदलं जातं आणि एका कागदावर सही किंवा अंगठा होतो. या शेगडीमुळे जो कार्बन वाचेल त्यावरचा हक्क मी प्रकल्पाला देत आहे, असं त्या कागदात लिहिलेलं असतं.

मी एका ट्रस्टच्या छोट्या दवाखान्यात संगणकाचं काम पाहते. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेला, पैनगंगेकडे उतरत जाणारा आमचा भाग. खालच्या वावरांत कापूस आणि तूर, वर सागाचं जंगल, मधे कोलाम आदिवासींच्या वस्त्या, म्हणजे पोड, आणि बंजाऱ्यांचे तांडे. पेशंटच्या नोंदी नीट ठेवणं आणि गरज पडेल तेव्हा दुसऱ्या दवाखान्यापर्यंत पोचवणं, ही माझी नोकरी. गावाला सामूहिक वनहक्क, म्हणजे आपलं जंगल राखण्याचा आणि वापरण्याचा कायदेशीर हक्क, मिळाल्यापासून जंगलाच्या नकाशाचं आणि मोजणीचं कामही माझ्याकडे आलं. लॅपटॉप उघडून बसणारी गावात मीच होते. म्हणून ही दोन्ही खाती मी जवळून पाहते. माणसाच्या अंगाची माहिती आणि रानाची माहिती दोन्ही गावातून बाहेर जातात. पुढे त्यांचं काय होतं ते ज्या सॉफ्टवेअरमध्ये ठरतं, ते आतून उघडं, म्हणजे त्याचा कोड कोणालाही वाचता येईल असं असलं पाहिजे आणि तो वाचू शकणारं माणूस गावाच्या हाकेच्या अंतरावर असलं पाहिजे. माझं म्हणणं एवढंच आहे, पण ते नीट सांगायचं तर थोडं खोलात जावं लागेल.

आमच्या दवाखान्यात आधी विकत घेतलेलं एक सॉफ्टवेअर होतं. दिसायला देखणं, बिलं झटपट काढणारं. पुढे कंपनीचा आणि आमचा वार्षिक करार नूतनीकरणावरून अडला आणि एका सकाळी पडद्यावर लायसन्स संपल्याची पाटी आली. डेटा आमच्याच खोलीत, आमच्याच मशीनवर होता, पण उघडत नव्हता. तो कोणत्या रचनेत साठवलाय, हे कंपनीखेरीज कोणालाच ठाऊक नव्हतं. ओपीडीत बाया लेकरं घेऊन बसलेल्या आणि आमच्या सिस्टर मागच्या वेळचं वजन, लसीची तारीख, चालू गोळ्या हे सगळं पेशंटला तोंडी विचारत होत्या. शेवटी जुने केस पेपर पोत्यांतून काढून, बघून बघून पुन्हा टाइप केले. ज्यांचे पेपर वाळवीने खाल्ले होते, त्यांच्या नोंदी गेल्या त्या गेल्याच. मुलाची वाढ बरोबर होते आहे का, हे सांगणारी वजनांची मागची रांगच नाहीशी झाली की डॉक्टरसमोर फक्त आजचं वजन उरतं. त्यावरून काय कळणार?

त्यानंतर आम्ही बाह्मनी घेतलं, दवाखान्याच्या नोंदींसाठीचं आतून उघडं सॉफ्टवेअर. हे सॉफ्टवेअर जन्मलं ते आपल्याच रेल्वेलाइनवर. वर्धा, नागपूर, गोंदिया करत हावड्याकडे जाणारी गाडी बिलासपूरला थांबते. तिथून जवळ गनियारी नावाच्या गावात जनस्वास्थ्य सहयोगचा दवाखाना आहे, एम्समध्ये शिकलेल्या डॉक्टरांनी खेड्यातल्या माणसांसाठी उभा केलेला. त्या दवाखान्याची रोजची गर्दी, प्रयोगशाळा आणि औषधांचं दुकान समोर ठेवून थॉटवर्क्स या सॉफ्टवेअर कंपनीच्या लोकांनी ते बांधलं. त्यासाठी सगळं नव्याने लिहीत बसले नाहीत. रुग्णाच्या नोंदीसाठी ओपनएमआरएस, प्रयोगशाळेसाठी ओपनएलिस आणि बिल व औषधसाठ्यासाठी ओडू, अशी आधीच उघडी असलेली तीन सॉफ्टवेअर एकत्र जोडली. त्यातलं ओपनएमआरएस २००४ साली सुरू झालं, केनियातल्या एल्डोरेटला एड्सच्या रुग्णांवर उपचार करणाऱ्या मंडळींच्या गरजेतून. केनियातल्या दवाखान्यात तयार झालेला पाया छत्तीसगडमार्गे आमच्यापर्यंत आला आणि त्यासाठी आम्हाला लायसन्सचा एक रुपया द्यावा लागला नाही. सर्व्हर, इन्व्हर्टर, बॅटऱ्या आणि माझा पगार हा खर्च आहेच, तो कोणी लपवू नये.

पैसे वाचले यापेक्षा मोठी गोष्ट वेगळीच आहे. आमचा डेटा कोणत्या तक्त्यात, कोणत्या नावाने साठवला जातो हे मी स्वतः उघडून पाहू शकते. उद्या बाह्मनी सोडायचं ठरलं तर आमच्या नोंदी घेऊन आम्ही निघू शकतो. एकदा अडकून पडलेल्या माणसालाच याची किंमत कळते.

आता नोंदी दुसऱ्या दवाखान्यात पोचवण्याचं सांगते. इथे सिकलसेलचं उदाहरण घ्यायलाच हवं, कारण आमच्या भागात हा लाल रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार घरोघर माहीत आहे. आई आणि वडील दोघेही वाहक, म्हणजे स्वतःला आजार नसून तो पुढे देऊ शकणारे, असतील तर प्रत्येक बाळंतपणात बाळ सिकलसेलग्रस्त निघण्याची शक्यता चारात एक. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. आदिवासी भागांतल्या चाळीस वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत आजाराचं निर्मूलन, असं तिचं लक्ष्य आहे. तपासणी म्हणजे नोंद, आणि नोंद म्हणजे ती कोणीतरी कुठेतरी ठेवणार.

एक मुलगी धरा. सिकलसेलग्रस्त, वय सोळा-सतरा. मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला घरच्यांसोबत जंगलात गेली, ऊन लागलं, पाणी कमी पडलं आणि रात्री हाडं फुटतील असं दुखू लागलं. आमच्याकडून काही लोक यवतमाळला जातात, नदीकाठची मंडळी पलीकडे आदिलाबादला. म्हणजे दुसरं राज्य, दुसरी भाषा, दुसरं सॉफ्टवेअर. तिथल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, हिमोग्लोबिन निघालं ७. एरवी कोणाचंही ७ दिसलं की रक्ताच्या बाटलीचा विचार आधी येतो. पण या मुलीचं नेहमीचंच हिमोग्लोबिन ७ च्या आसपास असतं, तिचं शरीर त्यावर चालतं. अशा पेशंटला कारण नसताना रक्त चढवलं तर ते घट्ट होऊन त्रास वाढू शकतो. मागच्या दोन वर्षांतले तिचे आकडे एका नजरेत दिसले असते तर डॉक्टरांनी सलाइन, वेदनाशामक आणि तापाचं कारण शोधणं याला आधी हात घातला असता. नोंद पोचण्याचा उपयोग हा असा, अगदी नेमका असतो.

ती पोचावी कशी, तर दोन्हीकडच्या यंत्रांना एकमेकांची मांडणी समजली पाहिजे. त्यासाठी आरोग्याच्या माहितीची मानकं ठरवणाऱ्या एचएल७ संस्थेची फायर नावाची मांडणी आहे, कोणालाही मोफत वापरता येणारी. तिच्यात प्रत्येक तपासणीची एक नोंद होते. कोणाची, काय तपासलं, किती आलं, कोणत्या मापात, केव्हा आणि कुठे. काय तपासलं हे सांगायला लॉइंक नावाची सूची आहे, इंडियानापोलिसच्या रिजेनस्ट्रीफ संस्थेने १९९४ पासून चालवलेली. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तिथे ७१८-७ असा क्रमांक आहे. आमच्या प्रयोगशाळेतला टेक्निशियन 'एचबी' लिहितो, दुसरीकडे कोणी पूर्ण नाव लिहितो, तिसरीकडे तेलुगूत छापील फॉर्म असतो. ७१८-७ मात्र सगळीकडे ७१८-७ च राहतं. मी आमच्या प्रयोगशाळेची पूर्ण यादी अशा क्रमांकांशी जुळवली ते काम कंटाळवाणं होतं, डोळे दुखवणारं होतं, आणि माझ्या नोकरीतल्या ज्या कामांचा मला अभिमान आहे त्यांत ते पहिलं आहे.

दवाखान्यांच्या नोंदी एकमेकांशी जोडणारं देशाचं आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ ला सुरू झालं. त्याचा पायाही फायरचाच आहे. त्याची रचना मला मनापासून आवडते, कारण तिच्यात सगळ्यांच्या नोंदी एका गोदामात नेऊन ठेवलेल्या नाहीत. नोंद जिथे तयार झाली तिथेच राहते. पेशंटच्या १४ आकडी आरोग्य क्रमांकाने, म्हणजे आभाने, ती कोणाची हे कळतं आणि पेशंटने संमती दिली तरच ती मागणाऱ्याकडे जाते. संमतीतही चार गोष्टी ठरतात. कशासाठी हवी, कोणत्या प्रकारच्या नोंदी, कोणत्या तारखांमधल्या आणि कधीपर्यंत पाहता येतील. दिलेली संमती परतही घेता येते. कागदावर याहून सभ्य व्यवस्था मी पाहिलेली नाही.

पण आमच्या काउंटरवर काय घडतं? घरात मोबाइल एक, तो नवऱ्याच्या किंवा पोराच्या खिशात. बाई दवाखान्यात, फोन वावरात. कधी फोन सोबत असलाच तर रांग मोठी असते आणि काउंटरवरचा माणूस एवढंच म्हणतो, "आलेला नंबर सांगा बाई." मोबाइलवर आलेला तो ओटीपी सांगितला की संमती झाली. चार गोष्टींतली एकही तिला कोणी वाचून दाखवलेली नसते. मी आमच्या दवाखान्यात पाळलेला नियम साधा आहे. आपली सिस्टर मराठीत, आणि पोडावरच्या पेशंटसाठी कोलामी येणारी आपली आरोग्यसेविका कोलामीत, काय दाखवलं जाणार ते तोंडी सांगते आणि मगच नंबर मागते. वेळ लागतो, लागू दे.

सिकलसेलच्या नोंदीत संमती का इतकी जपायची, हे बाहेरच्या माणसाला पटकन कळत नाही. वाहक असणं हा आजार नाही, तरी मुलगी वाहक आहे एवढं गावात कळलं की स्थळं येणं थांबतं. मुलगा वाहक असला तर घरचे झाकून नेतात. म्हणजे जी माहिती आदिलाबादच्या डॉक्टरला रात्री दोन वाजता मिळालीच पाहिजे, तीच माहिती शेजारच्या गल्लीत मिळता कामा नये. आणि नाव काढून टाकलं की झालं, असंही नाही. वीस घरांच्या पोडावर 'सिकलसेलग्रस्त स्त्री, वय १५ ते २०, संख्या १' असा आकडा तक्त्यात छापला तर नाव लिहायची गरजच काय उरते? म्हणून आमच्याकडून बाहेर जाणाऱ्या गोषवाऱ्यात लहान आकडे पोडानिहाय जात नाहीत, चार-पाच गावं मिळून जातात. सॉफ्टवेअर उघडं असल्यामुळे ही अट आम्हाला त्याच्यातच घालता आली. बंद सॉफ्टवेअरमध्ये कंपनीला विनंती करून वाट पाहावी लागली असती.

इथे एक गैरसमज नेहमी होतो. ओपन सोर्स, म्हणजे असं आतून उघडं सॉफ्टवेअर, म्हटलं की लोकांना वाटतं पेशंटची माहिती उघडी पडली. उघडी असते ती रीत, म्हणजे माहितीचं काय केलं जातं ते. माहिती कुलपात असते आणि कुलूप कसं बनवलंय हे चार जाणत्यांनी तपासलेलं असतं. २०२३ साली आपल्याकडे वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झाला, चांगलं झालं. पण कायदा पाळला जातोय का हे बघायला शेवटी कोणीतरी सॉफ्टवेअरच्या आत पाहावंच लागतं.

आता कार्बनकडे येते. इथे माझा आवाज थोडा चढतो.

एक कार्बन क्रेडिट म्हणजे हवेत न गेलेला किंवा हवेतून शोषलेला एक टन कार्बन डायऑक्साइड. आपल्या देशात २०२२ साली ऊर्जा संवर्धन कायद्यात दुरुस्ती झाली, जून २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित झाली. योजनेची व्यवस्था ऊर्जा दक्षता ब्युरोकडे, नोंदवही ग्रिड कंट्रोलर ऑफ इंडियाकडे. त्याआधीपासून वेरा, गोल्ड स्टँडर्ड यांसारख्या परदेशी संस्थांच्या नोंदवह्यांत भारतातले प्रकल्प आहेतच. खेड्यात येणारी शेगडी बहुधा त्यातल्याच एखाद्या प्रकल्पाची.

शेगडीचा हिशेब असा मांडतात. आधी या घरात इतकं लाकूड जळत होतं, आता इतकं कमी जळतं, वाचलेल्या लाकडातलं इतकं परत न उगवणाऱ्या जंगलातून आलं असतं, म्हणून इतका कार्बन वाचला. या साखळीतली प्रत्येक कडी म्हणजे एक गृहीतक. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी जानेवारी २०२४ मध्ये 'नेचर सस्टेनेबिलिटी'त शेगड्यांच्या क्रेडिटांचा अभ्यास छापला. त्यांनी घेतलेल्या नमुन्यात खऱ्या बचतीच्या नऊ पटींहून जास्त क्रेडिटं दिली गेली होती. कारणं आमच्या गावातही जशीच्या तशी दिसतात. शेजारच्या काकूंच्या घरी मी नीट पाहिलं. चहा आणि सकाळची भाजी गॅसवर. भाकरी चुलीवरच, कारण गॅसवर ती फुगत नाही आणि सिलिंडर लवकर संपतं. अंघोळीच्या पाण्याचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, अंगणातल्या दुसऱ्या चुलीवर. नवी शेगडी छपरीत कोपऱ्याला, स्टिकर अजून चकचकीत. तिचं तोंड लहान आहे. पऱ्हाट्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या वाळक्या काड्या, वीतभर तोडून घालाव्या लागतात आणि मोठा गंज तिच्यावर बसत नाही, डुगडुगतो. काकू ती पावसाळ्यात वापरतात, अंगणातली चूल भिजली की. ॲपमध्ये मात्र एकच प्रश्न होता, शेगडी वापरता का? काकू म्हणाल्या, हो. खोटं काहीच नव्हतं.

आणि इंधन? कापूस निघाला की आमच्याकडे वावरातून बंडीभर पऱ्हाट्या घरामागे येतात, तूर निघाली की तुराट्या. कित्येक घरांचं वर्षातलं मोठं जळण हेच. पऱ्हाटी दरवर्षी पेरली जाते, दरवर्षी उगवते. ती जळली म्हणून जंगल तुटलं असं म्हणता येत नाही. जंगल वाचवल्याचा हिशेब या घराला लावणं मुळातच चूक आहे. आणि ते चूक आहे हे सांगणारी माहिती गावातच पडून आहे, आशाताईंच्या फॉर्ममध्ये. तिथे लाकूड आणि पिकांचे अवशेष हे दोन वेगळे पर्याय आहेत. फुप्फुसासाठी विचारलेला प्रश्न कार्बनच्या हिशेबातली खोट दाखवू शकतो. ही दोन खाती एकमेकांना कधी भेटतच नाहीत.

भेटली पाहिजेत का? नावानिशी कदापि नाही. कोणाच्या घरात कोणाला दमा आहे, याच्याशी कार्बनवाल्यांचा काही संबंध नाही. पण गावोगावचा एकूण आकडा, म्हणजे इतक्या घरांपैकी इतकी घरं पऱ्हाटी-तुराटीवर, इतकी लाकडावर, इतकी गॅसवर, असा ग्रामसभेच्या संमतीने आणि आरोग्य खात्याच्या परवानगीने तपासणी करणाऱ्या संस्थेसमोर ठेवता आला पाहिजे. उलट दिशेनेही तेच. शेगडीमुळे धूर खरंच कमी झाला असेल तर त्या घरांतल्या लेकरांच्या न्यूमोनियाच्या केसेस कमी झाल्या का, हे आमच्या डॉक्टरांना पाहायला मिळालं पाहिजे. कंपनीच्या माहितीपत्रकावर हसऱ्या बाईचा फोटो आणि खाली 'आरोग्यात सुधारणा' असं छापलेलं असतं. ती सुधारणा कोणी मोजली, हे मी विचारलं तेव्हा प्रकल्पाच्या माणसाकडे उत्तर नव्हतं.

काकूंचा प्रश्न त्याहून सरळ होता. "मंग धूर कमी झाला त्याचे पैसे कोणाले भेटले वं पोरी?"

जंगलाच्या कार्बनमध्ये पैसा आणखी मोठा आणि करार आणखी लांब मुदतीचे. तिथला हिशेब मात्र शिकता येण्यासारखा आहे, आणि तो शिकायला अवघड नाही हे मी गावातल्या पोरांना शिकवताना पाहिलं. जमिनीपासून १.३७ मीटरवर, छातीच्या उंचीला, खोडाभोवती टेप गुंडाळायची. उतारावरचं झाड असेल तर वरच्या बाजूने उंची धरायची. त्या उंचीच्या खालीच दोन फांटे फुटले असतील तर दोन झाडं धरायची. घेरावरून लाकडाचं आकारमान काढायची सूत्रं भारतीय वन सर्वेक्षणाने जातीनिहाय दिलेली आहेत. सागाचं वेगळं, धावड्याचं वेगळं. आकारमानाला लाकडाच्या घनतेने गुणलं की कोरडं वजन. त्यातला साधारण ४७ टक्के भाग कार्बन. कार्बनला ४४ भागिले १२ ने गुणलं की कार्बन डायऑक्साइड. म्हणजे एक टन कोरड्या लाकडामागे सुमारे १.७२ टन. दहावी झालेला मुलगा हे वहीत करतो. मोजणी भरायला ओडीके, नकाशाला क्यूजीआयएस आणि जंगलाच्या नमुना मोजणीसाठी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचं ओपन फोरिस, ही सगळी ओपन सोर्स साधनं आहेत, नेटवर्क नसलेल्या रानातही नोंद घेता येते आणि गावात आल्यावर चढवता येते.

गाव जो आकडा काढू शकत नाही तो आधाररेषेचा. हा प्रकल्प नसता तर या जंगलाचं काय झालं असतं, हे जो ठरवतो तो क्रेडिटांची संख्या ठरवतो. गावाने पिढ्यान् पिढ्या राखलेलं जंगल असेल तर ते तसंही राखलंच गेलं असतं, म्हणून क्रेडिट कमी. जंगल तुटण्याच्या बेतात होतं असं दाखवलं की क्रेडिट जास्त. म्हणजे नीट वागलेल्या गावाला तोटा आणि गावाला जंगलतोड्या ठरवणाऱ्या अहवालाला फायदा. हा अहवाल इंग्रजीत, शेकडो पानांचा, आणि त्यामागची आकडेमोड कंपनीच्या मशीनवर. इथे रीत उघडी हवी, आकडेही उघडे हवेत. आरोग्यात नावं झाकायची असतात, कारण ती माणसाची आहेत. कार्बनमध्ये कोणीतरी पैसे देऊन आपलं प्रदूषण या आकड्याच्या नावावर माफ करून घेतोय. मग तो आकडा कोणालाही पुन्हा मोजून पाहता आला पाहिजे.

या दिशेने काम चाललेलं आहे. हेडेरा या सार्वजनिक डिजिटल खातेवहीच्या आधारावर बांधलेलं गार्डियन नावाचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर मोजणीची अख्खी पद्धत पायरी-पायरीने यंत्रात उतरवतं आणि प्रत्येक कागदावर कोणाची सही कधी झाली ते मागे जाऊन तपासता येतं. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाने देशांसाठी कार्बन नोंदवहीचं सॉफ्टवेअर खुलं केलंय. एकच क्रेडिट दोन ठिकाणी विकलं जाऊ नये म्हणून जागतिक बँक, सिंगापूर सरकार आणि उत्सर्जन व्यापार संघटना यांनी डिसेंबर २०२२ मध्ये क्लायमेट ॲक्शन डेटा ट्रस्ट सुरू केला. परवान्यांतला एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. बाह्मनीचा परवाना एजीपीएल. त्यात बदल करून कोणी लोकांना ऑनलाइन सेवा दिली तर बदललेला कोडही त्या लोकांना द्यावा लागतो. गार्डियनचा परवाना अपाची. ते घेऊन, आत हवे ते बदल करून, कोणी ते बंद करून वापरू शकतो. सार्वजनिक पैशाने आणि सार्वजनिक जंगलावर जे सॉफ्टवेअर चालेल, त्याला पहिल्या प्रकारचा परवाना असावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे सगळं ऐकून शहरातले मित्र म्हणतात, गावातलं कोण कोड वाचणार आहे? त्यांना मी गडचिरोलीतलं मेंढा लेखा सांगते. २००९ साली त्या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशातल्या अगदी पहिल्यांपैकी हे गाव. पण हक्क मिळूनही बांबू विकता येत नव्हता, कारण वाहतूक परवान्याचं पुस्तक वनखात्याच्या टेबलावर. ते पुस्तक एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन ग्रामसभेच्या हाती दिलं, तेव्हा गावाने स्वतःचा बांबू स्वतः विकला. हक्क २००९ चा, पण तो वापरता आला पुस्तक हाती आल्यावर. त्या गावाची दुसरी सवयही मला फार मोलाची वाटते. तिथे आधी अभ्यास गट बसतो, विषय नीट समजून घेतो आणि मग ग्रामसभा सर्वसहमतीने ठरवते. अभ्यास गटात गावातला प्रत्येक जण नसतो, असायची गरजही नसते. हिशेब समजलेली, गावाला उत्तर द्यायला बांधील असलेली चार माणसं लागतात. कोडचंही तसंच.

आमच्या ग्रामसभेपुढे जंगलाच्या कार्बनचा करार आला तेव्हा आम्हीही तो अभ्यासाला घेतला. तालुक्याच्या कॉलेजात बीसीए करणारी पोडावरची एक मुलगी आमच्यात आहे. तिने आमची झाडमोजणी आणि कंपनीच्या अहवालातले सरासरी घेर शेजारी शेजारी मांडले आणि विचारलं, की यांनी सागाचं सूत्र मोहालाही लावलंय का? कंपनीकडे आम्ही चार गोष्टी मागितल्या. आकडेमोडीची मूळ शीट, वापरलेल्या पद्धतीची आवृत्ती, क्रेडिट कोणाला विकणार त्याचं नाव आणि विक्रीतला गावाचा वाटा टक्क्यांत. पद्धतीचं नाव आणि वाटा लेखी आला. शीट गोपनीय आहे म्हणाले. शीट मिळेपर्यंत सही नाही, असा ठराव झाला.

त्याच बैठकीत मी एक प्रस्ताव मांडला. करार या कंपनीशी होवो, दुसऱ्या कोणाशी होवो, जंगलातून कार्बनचा पैसा आलाच तर पहिला खर्च गावातल्या एका पूर्णवेळ माणसाच्या पगाराचा धरावा. दवाखान्याच्या नोंदी आणि जंगलाची मोजणी, दोन्हीची व्यवस्था त्याने किंवा तिने पाहायची, कोड वाचायचा, बिघडलं तर दुरुस्त करायचं, आणि वर्षातून दोनदा ग्रामसभेसमोर उभं राहून कोणती माहिती कोणाला गेली ते सांगायचं. मोफत सॉफ्टवेअर सांभाळणारं माणूस मोफत मिळत नाही. अनुदान संपलं, माणूस गेला आणि सर्व्हर धूळ खात पडला, असे दवाखाने मी पाहिलेत. एका म्हाताऱ्या बाबांनी हरकत घेतली. रस्त्याचं काम राहिलंय, शाळेचं छत गळतं, आणि तुम्ही संगणकाच्या पगाराचं बोलता. त्यांचं म्हणणं मला मोडीत काढता येत नाही, छत खरंच गळतं. एका वर्षाच्या पगारात किती पत्रे येतात तो हिशेब पुढच्या बैठकीत मांडायचा आणि तेव्हाच ठरवायचं, असं ठरलंय. तोवर ती बीसीएची मुलगी संध्याकाळी दवाखान्यात येते, मी तिला बाह्मनीचे तक्ते दाखवते आणि ती मला क्यूजीआयएसमधल्या चुका दाखवते.